साडेसतरा रुपयांची सहल

मैत्रिणींनो, परवा दुपारी स्वयंपाकघर आवरून मी जरा पाठ टेकली होती, तेवढ्यात दारात सायकलची घंटा वाजली. सासूबाई उठून गेल्या आणि हातात एक पोस्टकार्ड घेऊन आत आल्या. "अगं, तुझ्या नावाचं आहे!" त्या म्हणाल्या, आणि कार्ड उलटंपालटं करून पुन्हा एकदा खात्री करून घेतली.

आता तुम्ही म्हणाल, पन्नास पैशांच्या कार्डाचं एवढं काय कौतुक? कौतुक असं की, ते कार्ड आमच्या घरापासून पंधरा मिनिटांवर असलेल्या पोस्टातून निघालं होतं आणि घरी पोचायला त्याला चांगले अकरा दिवस लागले. त्यात चूक पोस्टाची नव्हती आणि ते लिहिणाऱ्या आठ वर्षांच्या मुलीचीही नव्हती. मग कुणाची होती? सांगते. पण त्यासाठी आधी आमच्या तिसरीच्या वर्गात यावं लागेल.

मी सांगलीच्या एका मराठी प्राथमिक शाळेत अर्धवेळ शिकवते. सकाळी तीन तास शाळा, उरलेला दिवस घर. शाळेत मला थट्टेनं 'अर्ध्या बाई' म्हणतात, आणि घरी शाळेच्या वह्या तपासायला बसले की तिथंही मी अर्धीच! माझ्याकडे मराठी आणि परिसर अभ्यास असे दोन विषय आहेत. यंदा फेब्रुवारीत संदेशवहनाचा भाग शिकवायला घेतला, तेव्हा मी वर्गाला विचारलं, "तुमच्यापैकी कुणाच्या घरी पत्र आलंय?" चौतीस मुलांपैकी तिघांनी हात वर केले. त्यातलं एक पत्र बँकेचं निघालं, एक विम्याचं, आणि तिसरं चुकून शेजाऱ्यांचं आलेलं!

मोबाइल सगळ्यांना ठाऊक. निळ्या खुणा दिसल्या की निरोप वाचला, हेही ठाऊक. पण आपल्या हातानं लिहिलेला कागद दुसऱ्याच्या हातात पडतो, त्याला मध्ये किती माणसं लागतात, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मी मनाशी ठरवलं, हा आठवडा पोस्टाचा. पाच दिवस वर्गात शिकायचं आणि शुक्रवारी सहल न्यायची ती थेट पोस्टात.

मोठ्या बाईंना सांगितलं, तर त्यांनी चष्मा खाली केला. "पोस्टात? अहो, सहल म्हणजे बस हवी, किल्ला हवा, निदान बाग तरी हवी. पोस्टात मुलं बघणार काय?" मी म्हटलं, "परतताना गणपती मंदिरात डबे खाऊ की! बसचा खर्चही नाही." खर्च नाही म्हटल्यावर परवानगी मिळाली. शिक्षिका असो की गृहिणी, ही युक्ती सगळीकडे चालते बघा.

सोमवारी मी माझ्या आजोबांची जुनी पत्रं वर्गात नेली. मी शाळेत असताना ते मालवणहून मला वेगळं कार्ड लिहायचे. वर 'चि. कु.' आणि पुढे माझं पूर्ण नाव. घरच्या मोठ्यांच्या पत्रात शेवटी 'मुलांना आशीर्वाद' असा सांधा जोडला की पुष्कळ झालं, अशी तेव्हा रीत होती. पण माझ्या नावाचं वेगळं कार्ड आलं की मी दिवसभर दप्तरात घेऊन फिरायची. मुलांना मी मायने सांगितले. मोठ्यांना 'तीर्थरूप', लहानांना 'चिरंजीव', आणि 'स.न.वि.वि.' म्हणजे 'सप्रेम नमस्कार विनंती विशेष'. ते ऐकून ओंकार म्हणाला, "बाई, हा तर शॉर्टफॉर्म झाला! मोबाइलवर लिहिला की तुम्ही रागावता!" (मुलांची नावं मी इथे बदलली आहेत, त्यांचे बोल मात्र त्यांचेच आहेत.)

आपल्याकडे पोस्टकार्ड आलं १८७९ साली, तेव्हा त्याची किंमत पाव आणा होती, हेही सांगितलं. मग 'पाव आणा म्हणजे किती' यातच गणिताचा तास झाला. शेवटी गृहपाठ दिला : उद्या प्रत्येकानं आपल्या घराचा पूर्ण पत्ता लिहून आणायचा. घर नंबर, गल्ली, खूण, गाव, पिनकोड, सगळं.

आणि इथेच माझ्या हातून एक चूक झाली. अगदी लाजिरवाणी.

मंगळवारी पत्ते वाचायला सुरुवात केली. कुणाची 'कृष्णाकुंज', कुणाचा फ्लॅट नंबर, कुणाचं 'मारुतीच्या देवळासमोर'. गणूची पाळी आली. गणू उभा राहिला आणि हळूच वाचलं, "गणू, बांधकामाजवळ, सांगली." वर्ग फिसकन हसला. गणूचे आईवडील जत तालुक्यातले. इथे एका मोठ्या इमारतीचं काम चाललंय, तिथं वडील वॉचमन आहेत आणि आई पाट्या उचलते. हे मला माहीत होतं, मैत्रिणींनो. माहीत असून मी घाईत म्हणून गेले, "अरे, हा काय पत्ता झाला? घरी नीट विचारून लिहून आण." आणि पुढच्या मुलाकडे वळले.

मग पिनकोड शिकवला. मुलांना हा भाग फार आवडला. १५ ऑगस्ट १९७२ ला आपल्या देशात पिनकोड सुरू झाला, आणि तो ज्यांनी तयार केला ते श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी होते, टपाल खात्यातले मोठे अधिकारी आणि शिवाय संस्कृतचे पंडित. गावांची नावं सारखी, भाषा वेगवेगळ्या, अक्षर दिव्य. तेव्हा पत्र चुकायचं. आकडा मात्र सगळीकडे तोच. पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो. आपला ४, म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड. पहिले तीन आकडे मिळून पत्रांच्या वर्गीकरणाचा जिल्हा, आणि शेवटचे तीन म्हणजे नेमकं ज्या पोस्टातून पत्र वाटलं जातं ते पोस्ट. सांगलीचा ४१६ ४१६. एकच आकडा दोनदा! मुलांनी त्याचा घोषच सुरू केला.

मग मुलंच शोध लावायला लागली. मिरज ४१६ ४१०. पुण्याच्या मावशीचा ४११ ने सुरू. मधुराचे वडील मूळ विट्याचे. आपल्या भागातले पुष्कळ लोक सोनंचांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पसरलेत, तसे ते कोइमतूरला असतात. त्यांचा पिनकोड ६४१ ने सुरू होतो. "बाई, सहा म्हणजे लांब?" तिनं विचारलं. मी नकाशात दाखवलं. ती बराच वेळ त्या ठिपक्यावर बोट ठेवून उभी होती.

एका मुलानं तर मलाच पेचात टाकलं. "बाई, विटा आपल्या सांगली जिल्ह्यात, तर त्याचा ४१५ कसा? आणि तुमच्या आजोबांचं मालवण सिंधुदुर्गात, तरी ४१६ कसा?" बरोबर होतं त्याचं. विट्याचा ४१५ ३११ आणि मालवणचा ४१६ ६०६. मग समजावून सांगितलं की पिनकोडाची हद्द पत्रं लावण्याच्या सोयीनं आखलेली असते, ती सरकारी जिल्ह्याच्या हद्दीशी जुळेलच असं नाही. पुस्तकात नसलेला प्रश्न मुलाच्या तोंडून आला, की शिकवणाऱ्याला जो आनंद होतो, तो पगारात मोजता येत नाही. (अर्ध्या पगारात तर नाहीच नाही!)

बुधवारी मी पोस्टातून पस्तीस कार्डं आणली. पन्नास पैशांना एक, म्हणजे एकूण साडेसतरा रुपये. खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, "एवढी कार्डं? घरात काही कार्य आहे का?" वर्गात आम्ही सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या डब्यात टाकल्या. ज्याला ज्याची चिठ्ठी येईल, त्यानं त्याला घरच्या पत्त्यावर पत्र लिहायचं. मुलं म्हणाली, "बाई, तुमची पण चिठ्ठी टाका!" म्हणून पस्तिसावं कार्ड माझं.

पत्रं काय लिहिली होती म्हणता! "प्रिय मित्रा, तू मजेत आहेस का? मी मजेत आहे. तू माझ्या शेजारीच बसतोस. माझा खोडरबर परत दे." दुसऱ्या एकानं, "आमच्या गाईला वासरू झालं. तू ये. येताना भडंग आण," असं लिहून खाली 'आपला आज्ञाधारक' अशी सही केली होती.

माझी चिठ्ठी सईला आली. सई म्हणजे प्रश्नांची पोतडी. तिनं माझा पत्ता विचारला. मी सवयीनं सांगायला लागले, "सौ. अमुक, द्वारा श्री. अमुक..." तिनं पेन्सिल थांबवली. "बाई, द्वारा म्हणजे?" मी म्हटलं, "म्हणजे त्यांच्या घरी." "मग ते तुमचं घर नाही?"

वर्गातल्या गलक्यात ते कुणाला ऐकू गेलं नाही, पण मला चांगलंच ऐकू आलं. लग्न झाल्यावर आधार कार्डावरचा पत्ता बदलायला गेले होते, तेव्हाही ह्यांचं नाव मध्ये घालून मोकळी झाले होते. त्यात काही खटकलं नव्हतं. मी म्हटलं, "बरं, द्वारा नको. नुसतं माझं नाव लिही." पुढे गल्ली, देऊळ, गावभाग, सांगली ४१६ ४१६. घर नंबर मात्र मला आठवेना! चौकटीवर पत्र्याचा तुकडा आहे, त्यावर तो लिहिलेला आहे, बारा वर्षं त्याखालून जाते-येते आहे. मुलांना गृहपाठ देणाऱ्या बाई!

आणि मधुरा उभी राहिली. तिला गणूची चिठ्ठी आली होती. "बाई, गणूचा पत्ता?" मी बाकाकडे पाहिलं. गणू आला नव्हता.

गुरुवारीही आला नाही. शाळा सुटताना फाटकापाशी त्याची आई उभी होती, कडेवर तान्हं, अंगावर सिमेंटचे डाग. कामावरून मधल्या वेळेत आली होती. म्हणाली, "बाई, पोरगं साळंत न्हाई जात म्हणतंय. आमास्नी पत्ताच न्हाई वो. ही बिल्डिंग झाली की दुसरीकडं जायाचं. तुमीच सांगा, काय लिवायचं?" आवाजात तक्रार नव्हती, खरोखर विचारायला आली होती. त्यामुळे मला जास्तच लागलं. चौतीस मुलांत ज्याला पत्त्याची सगळ्यांत जास्त गरज होती, त्यालाच मी 'हा काय पत्ता झाला' म्हटलं होतं.

मी एवढंच म्हणाले, "चूक माझी झाली. गणूला उद्या सहलीला नक्की पाठवा. त्याचा पत्ता आपण पोस्टातच विचारू."

शुक्रवारी सकाळी साडेआठला दोन रांगा करून आम्ही निघालो. पाठीला दप्तराऐवजी डबा आणि पाण्याची बाटली, डोक्याला टोप्या. सोबत दोन पालक आया आणि मी. गणू आला होता, पण रांगेत सगळ्यांत शेवटी. डब्यात उरलेली शेवटची चिठ्ठी मी त्याच्यासाठी राखून ठेवली होती. ती घेऊन त्यानं सकाळीच वर्गात बसून कार्ड लिहिलं होतं.

मैत्रिणींनो, आपण पोस्टात जातो ते खिडकीपर्यंत. खिडकीच्या पलीकडे मीही पहिल्यांदाच गेले. पोस्टमास्तरांनी अर्ज पाहून आधीच परवानगी दिली होती. पोस्टमन मंडळी टपाल घेऊन बाहेर पडायच्या आतली वेळ त्यांनी मुद्दाम नेमून दिली. मोठ्या टेबलावर थैली उपडी झाली, आणि पत्रांचा ढीग पाहून मुलांनी 'आ' केला. मोबाइलच्या दिवसांत एवढं टपाल! बहुतेक बँकांचं, कचेऱ्यांचं, मासिकांचं, काही राख्यांच्या दुकानांची पाकिटं. हातानं लिहिलेलं मात्र क्वचित. एका काकांनी तारखेचा शिक्का दाखवला, आमची पस्तीस कार्डं मुलांच्या हातानंच पेटीत टाकून घेतली, मग पेटी उघडून आमच्यासमोर त्यांवर शिक्के मारले. ठप् ठप् ठप्! मुलांचा आवाज शिक्क्याच्या वर.

मग भिंतीशी खणांचं कपाट दाखवलं. प्रत्येक खण एका भागाचा. पोस्टमन आपापल्या भागाची पत्रं घेतात आणि ज्या क्रमानं गल्ल्या लागतात, त्या क्रमानं लावतात. "आम्ही पत्रं वाचत नाही, चालतो," एक काका म्हणाले. "हातातला गठ्ठा बघितला की रस्ता डोळ्यांपुढे उभा राहतो." तार कधीच बंद झाली, जुलै २०१३ मध्ये, रजिस्टर पोस्टही २०२५ मध्ये स्पीड पोस्टात सामावून घेतलं. पण देशात आजही दीड लाखाहून जास्त पोस्ट ऑफिसं आहेत आणि त्यांतली बहुतेक खेड्यांत, हे ऐकून मुलांना नवल वाटलं.

दरम्यान सोबत आलेल्या एक आई खिडकीवर सुकन्या समृद्धी खात्याची चौकशी करून आल्या. २०१५ साली ही योजना सुरू झाली, पण त्यांना वाटे ती फक्त मोठी रक्कम भरणाऱ्यांसाठी. तुमच्याही कामी येईल म्हणून सांगते : मुलगी दहा वर्षांची व्हायच्या आत खातं उघडायचं, वर्षाला निदान २५० रुपये भरायचे, पैसे १५ वर्षं भरायचे, आणि खातं उघडल्यापासून २१ वर्षांनी मुदत पुरी होते. सहलीचा हा वरचा फायदा.

एवढ्यात जे व्हायचं होतं ते झालंच. मधुरा हातात गणूचं कार्ड घेऊन उभी होती, ते तेवढं पेटीत पडलं नव्हतं. ओंकार ओरडला, "काका, ह्या गणूला पत्ताच नाही!" गणूनं मान खाली घातली. मी काही बोलणार, तोच ते काका म्हणाले, "पत्ता नाही असा माणूस असतो होय रे? कुठं राहतोस बाळा?"

"बांधकामाजवळ."

"कुठल्या?"

"पाण्याच्या टाकीमागं. पिंपळ हाय तिथं."

काकांनी मागे वळून हाक मारली, "टाकीकडचं टपाल कुणाकडं आहे?" एक तरुण पोस्टमन पुढे आला. त्यानं गणूकडे निरखून पाहिलं. "तू वॉचमनचा ना? तुमची काळी कुत्री रोज माझ्या सायकलमागं लागती! काय नाव तिचं?"

"राणी," गणू म्हणाला. आणि चार दिवसांत पहिल्यांदा हसला.

"झालं तर मग. लिही," ते मोठे काका मधुराला म्हणाले, "चिरंजीव गणू, पुढं वडिलांचं नाव, आडनाव. नवीन बांधकाम, पाण्याच्या टाकीमागे, पिंपळासमोर, सांगली ४१६ ४१६. हे बघा मुलांनो, २०१९ च्या ऑगस्टात महापूर आला. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलेलं. गावभागातल्या घरांना घर नंबर होते, पाट्या होत्या, सगळं होतं, पण घरात माणसं नव्हती. कुणी भावाकडं, कुणी शाळेत. तेव्हा विचारत विचारत पत्रं दिली. घर सापडून उपयोग नाही, माणूस सापडला पाहिजे." मग गणूला म्हणाले, "आणि दुसरीकडं राहायला गेलात, तर पोस्टात नवा पत्ता लिहून द्यायचा. पत्र तिकडं पाठवतो आम्ही."

मी बी.ए. झालेली, पाच दिवस 'पत्ता' शिकवत होते. धडा खरा शिकवला तो त्या काकांनी.

गणपती मंदिराच्या आवारात डबे उघडले. भडंग, शेंगदाण्याची पोळी, शंकरपाळी, दशम्या. गणूच्या डब्यात भाकरी आणि शेंगाची चटणी होती, ती ओंकारनं अर्धी संपवली आणि त्याला आपली शंकरपाळी दिली. मी काही सांगायला गेले नाही. मुलांची माफी अशीच असते. परतीच्या वाटेवर गणू रांगेत मधुराच्या पुढे होता आणि राणीच्या गोष्टी सांगत होता.

शनिवारी मुलांनी सहलीची चित्रं काढली. सोमवारपासून वर्गात रोज सकाळी एकच गलका, "माझं आलं!" "माझं पण!" मंगळवारी गणू आला तो छातीशी हात धरून. शर्टाच्या आत, पिशवीत गुंडाळलेलं कार्ड. "बाई, आमच्या बिल्डिंगला आलेलं हे पहिलं पत्र!" त्यानं सांगितलं. सहा मजल्यांची ती इमारत, उद्या तिथं किती पाट्या लागतील, पण पहिलं टपाल गणूच्या नावचं. त्याच्या आईनं निरोप पाठवला होता, "इथनं जाताना पोस्टमनला सांगून जाणार."

बुधवारपर्यंत चौतीस कार्डं पोचली. राहिलं कोणतं, ते तुमच्या लक्षात आलंच असेल. सई रोज विचारायची, "बाई, तुमचं आलं?" मी म्हणायची, "येईल गं." मनात मात्र म्हणे, पोस्टाचाच काहीतरी घोटाळा.

परवा ते आलं, तेव्हा सारा उलगडा झाला. आमच्या भागातले नेहमीचे पोस्टमन रजेवर होते, बदलीवर दुसरे होते. आमच्या गल्लीत आमच्या आडनावाची पाच घरं, सगळी भाऊबंदांची. कार्डावर घर नंबर नाही. त्या बिचाऱ्यांनी पाचही पाट्या वाचल्या, कुठेच माझं नाव नाही. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात विचारलं. दुकानदार म्हणाले, "या नावाच्या कुणी बाई इथं राहत नाहीत." मैत्रिणींनो, त्या दुकानातून मी बारा वर्षं महिन्याचं सामान आणते आहे! तिथं मी 'वहिनी'. शेजारी 'काकू'. शाळेच्या वाटेवर 'बाई'. कुणी वाईट वागवत नाही हो, सगळे मानानंच वागतात. पण माझं नाव कुणाला ठाऊक असावं, असं कधी कारणच पडलं नाही. मीही ते कुणाला सांगितलं नाही. नेहमीचे पोस्टमन रजेवरून आले, त्यांना 'शाळेतल्या बाई' एवढी आठवण होती, म्हणून कार्ड पोचलं.

पिंपळासमोरच्या उघड्या बांधकामावर गणू चार दिवसांत सापडला, आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या दगडी घरात राहणारी मी अकरा दिवस सापडले नाही!

मी हे हसत हसत सासूबाईंना सांगितलं. त्या हसल्या नाहीत. दारात गेल्या आणि पाटीकडे बघत राहिल्या. पाटीवर वर सासऱ्यांचं नाव, त्यांना जाऊन सहा वर्षं झाली, आणि खाली ह्यांचं. सासूबाई हळूच म्हणाल्या, "माझं तरी नाव कुठं आहे गं? शेहेचाळीस वर्षं झाली मला या घरात."

रात्री ह्यांच्यापुढे कार्ड ठेवलं आणि सगळी हकिगत सांगितली. ह्यांनी कार्ड वाचलं, थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "रविवारी पाटीवाल्याकडे जाऊ." सासूबाई आतून म्हणाल्या, "माझं नाव माहेरचं नको, सासरचं नको, नुसतं माझं घाल. आणि दादांचं काढू नको हो." सासऱ्यांना त्या दादाच म्हणत. पाटी अजून व्हायची आहे. झाली की चार नावं असतील, आणि घर नंबरही मोठ्या आकड्यांत!

सुट्टीत मुलांना काय उद्योग द्यावा, असा आपल्याला प्रश्न पडतो. दहा कार्डं आणून द्या, पाच रुपयांत होतील. आजीला, आत्येभावाला, गावाला गेलेल्या मैत्रिणीला लिहू द्या. शुद्धलेखन तपासू नका, पत्ता मात्र त्यांच्याकडूनच पुरा करून घ्या, म्हणजे घर नंबर, खूण, पिनकोड. आणि त्याआधी एवढं करा, उठून दारापर्यंत जा आणि पाटीवर कुणाकुणाची नावं आहेत ती वाचून या.

सईच्या कार्डात काय होतं, ते सांगायचं राहिलंच. तिनं लिहिलं होतं, "प्रिय बाई, तुम्ही कशा आहात? मी बरी आहे. शाळेत तुम्हाला बाई म्हणतात. घरी तुम्हाला नावाने कोण हाक मारतं? उत्तर पाठवा."

मी आजच एक कार्ड आणलं आहे. मायना लिहून झालाय. पुढचं सुचलं की पेटीत टाकते.